पालक म्हणजे कोण?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी दोन शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. भाजणीचे प्रमाण विचारा, लोणच्याच्या खाराचे विचारा, मी सांगेन. पण ध्वनिक्षेपकापुढे उभे राहायचे म्हणजे माझे पाय कापतात. माझे शिक्षण सातवी. समोर पदवीधर सुना बसल्या आहेत, शिक्षिकाबाई बसल्या आहेत. त्यांच्यापुढे मी काय बोलणार? तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही शाळेवरच बोला. ज्यांची शाळा सुटली त्यांनाच तिची किंमत ठाऊक." ते बोलणे मनाला लागले, म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या लेकराच्या शाळेत आपला हक्क किती, आणि त्या लेकराचा स्वतःचा हक्क कोणता, हा माझा विषय आहे. विषय मोठा वाटतो, पण तो आपल्या घरातलाच आहे. आपण घाटनांदूरच्या बायका. भाजी घेताना मेथीची जुडी उलटून पाहतो, दळण आणले की पीठ बोटांनी चोळून पाहतो. पण ज्या शाळेत पोटचे लेकरू दिवसाचे सहा तास ठेवतो, तिथे काय चालते ते पाहायला फाटकाच्या आत पाऊल टाकायचे म्हटले की आपला पदर आपोआप डोक्यावर येतो आणि तोंड मिटते. असे का व्हावे?

आधी माझीच गोष्ट सांगते.

माझे माहेर बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. जमीन हलकी, पाणी कमी. दसरा-दिवाळी झाली की निम्मे गाव मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघे. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा आमच्याकडचा हिशेब तुम्हांला ठाऊक आहेच. माझे आईवडीलही जात. आम्ही भावंडे आजीजवळ राहत असू.

१९९३ साली मी सातवी पास झाले. गावात शाळा सातवीपर्यंतच होती. जूनमध्ये शेजारच्या मोठ्या गावी आठवीत नाव घातले. रोज दीड कोस जायचे, दीड कोस यायचे. पण मोठा आनंद होता. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या घरीही फडताळावरची भांडी खाली आली. तरीसुद्धा दसरा झाल्यावर आईवडील फडावर गेलेच, कारण उचल घेतलेली होती. पुढे थंडीत आजीला ताप आला. घरात करणारे दुसरे कोणी नव्हते. मी पंधरा-वीस दिवस शाळेत गेले नाही. आजी उठून बसली त्या दिवशी दप्तर घेऊन पळत गेले, तर हजेरीत माझे नावच नव्हते. गुरुजी म्हणाले, "पालकाला घेऊन ये, मग वर्गात बस."

दुसऱ्या दिवशी मी आजीला घेऊन गेले. अशक्त म्हातारी काठी टेकत दीड कोस चालली. फाटकाशीच तिला उत्तर मिळाले, "पालक म्हणजे आई नाहीतर बाप. आजी चालायची नाही."

आजी म्हणाली, "गुर्जी, बाप कोल्हापूरकडं फडात हाय. पोरगी माह्याजवळ हाय. मी नाही तर कोन तिचं?"

त्यावर कोणी काही बोलले नाही. आजीने पायरीवर बसून थोडा दम घेतला आणि आम्ही परत आलो. वडिलांना पत्र घातले. पण पोचले तरी उचल घेतलेला माणूस फड सोडून येतो कसा? पाडव्याच्या सुमारास ते परत आले तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. वडील म्हणाले, "राहू दे आता." दोन वर्षांत माझे लग्न झाले. लग्नाचे वय नव्हते, हेही या व्यासपीठावरून कबूल केले पाहिजे.

मला कोणी मारून हाकलले नव्हते. फी थकली नव्हती. माझी शाळा गेली ती "पालक" या एका शब्दापायी. तो शब्द माझ्या मनात तीस वर्षे कुसळासारखा सलत राहिला.

आता थोडे मागचे सांगते, म्हणजे पुढचे नीट कळेल.

आपल्या मराठवाड्यात शाळा सहजी मिळालेली नाही. निजामाच्या राज्यात वरचे शिक्षण उर्दूतून होते. मराठी घरातल्या लेकराला ते परक्याच्या दारात उभे राहिल्यासारखे वाटे. जवळच्या अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी मुख्याध्यापकी केली. तेच पुढे मुक्तिसंग्रामाचे पुढारी झाले. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो.

पुण्यात त्याच्या शंभर वर्षे आधी, १८४८ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मातंग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ साली आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो छापून आला. मुलीला अक्षर आले की ती आधी काय विचारते, ते त्यावरून दिसते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला. मुलाला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिना १ रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया म्हणजे काय, ते आपल्या आजीला विचारावे.

पण भगिनींनो, या जुन्या कायद्यांत आईबापाच्या वाट्याला कर्तव्य होते आणि दंड होता. शाळेला चार गोष्टी विचारण्याचा हक्क नव्हता. तो आला अलीकडे. २००२ साली घटनेत दुरुस्ती झाली आणि ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. २००९ साली त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. शिक्षणहक्काचा कायदा म्हणतात तो हाच.

हा कायदा मला कसा कळला ते सांगते. माझी मुलगी अंबाजोगाईला महाविद्यालयात शिकते. सुट्टीला आली होती. मी तांदूळ निवडत बसले होते आणि ती मोबाईलवर काही वाचत होती. म्हणाली, "आई, ऐक." मग तिने एकेक कलम वाचायचे आणि मी त्याचा अर्थ विचारायचा, असे दोन दुपारी चालले. एका कलमात शब्दांचे अर्थ दिले आहेत. तिथे लिहिले आहे की मूल ज्याच्या सांभाळात आणि ताब्यात आहे, तो पालक.

मी हातातले सूप खाली ठेवले. तिला म्हटले, "पुन्हा वाच." तिने पुन्हा वाचले. मूल ज्याच्या सांभाळात आहे, तो पालक. म्हणजे माझी आजी पालकच होती. कायद्याने मान्य करायला उशीर केला, पण माझी अडाणी आजी त्या पायरीवर हेच तर बोलली होती!

बाकीच्या कलमांतले आपल्या रोजच्या उपयोगाचे तेवढे सांगते.

पहिले असे की पहिली ते आठवी पुरी होईपर्यंत शाळेला कोणत्याही मुलाला काढून टाकता येत नाही, की त्याचे नाव कमी करता येत नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष अर्धे सरल्यावर आले तरी घ्यावे लागते. दुसऱ्या शाळेत जायचे तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला तरी दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेने मुलाला अडवायचे नाही. फडावर जाणाऱ्यांना याचा फार उपयोग आहे. मूल बरोबर न्यावेच लागले, तर निघण्यापूर्वी शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे. ते दाखवले की कारखान्याजवळच्या शाळेत त्याच इयत्तेत बसता येते आणि परत आल्यावर इथेही बसता येते.

दुसरे असे की मुलाला मारायचे नाही आणि मनाला लागेल असा छळही करायचा नाही. आपल्यापैकी कित्येकींनी गुरुजींना सांगितले असेल, "हाडे आमची, कातडे तुमचे." मीही सांगितले आहे. ते आता विसरावे. अंगठे धरायला लावणे, जातीवरून किंवा फाटक्या कपड्यांवरून बोलणे, चारचौघांत "ऊसतोड्याचा पोरगा" म्हणून हिणवणे, यातले काहीही चालत नाही.

तिसरे असे की आईबापांना किंवा पालकांना ठरलेल्या वेळी भेटून मुलाची हजेरी, त्याची प्रगती, त्याला काय जमते आणि काय जमत नाही हे सांगणे, हे शिक्षकाच्या कामातच लिहिलेले आहे. ती मेहेरबानी नव्हे. मूल वाचते का, बेरीज करते का, हे विचारायला आपण गेलो तर आपण त्यांच्या कामात अडथळा आणत नाही. त्यांचे काम पुरे होण्याला हातभार लावतो. पाचवीला आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा असते. मूल मागे आहे हे निकालाच्या दिवशी कळून काय उपयोग? ते दिवाळीतच कळले पाहिजे.

दहावी-बारावीच्या आयांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षा देणाऱ्याला हक्क आहे, असा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निकाल दिला. आपले राज्य मंडळही शुल्क भरल्यावर उत्तरपत्रिकेची प्रत देते. मार्क कमी पडले म्हणून लेकराला बोलण्याआधी तेवढे करावे.

चौथी गोष्ट आहे शाळा व्यवस्थापन समिती. दर सरकारी आणि अनुदानित शाळेत ती असते. तिच्यात चारांतले तीन सभासद आईबाप किंवा पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. शाळेचे कामकाज पाहणे, शाळेच्या विकासाचा आराखडा करणे, आलेला पैसा कुठे गेला ते बघणे, हे तिचे काम. विचार करा, शंभर वर्षांपूर्वी आईबापाला दंड होत होता, आणि आज हिशेबाची वही आईच्या हातात दिली आहे!

आणि इथेच दिव्याखाली अंधार आहे, बायांनो. आता जी गोष्ट सांगते तिच्यात दोष माझा आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा मुलगा आमच्या भागातल्या एका शाळेत होता. शाळेचे नाव घेत नाही. त्या शाळेच्या समितीवर माझे नाव होते. कसे आले? बायकांची जागा भरायची होती, यांनी माझे नाव सांगितले, झाले. बैठकीला मी कधी गेले नाही. शिपाई वही घेऊन घरी यायचा. मी स्वयंपाकघरातून कणकेचा हात धुऊन यायची आणि तो बोट ठेवील तिथे सही करायची. वर मोठ्या अभिमानाने म्हणायची, "अंगठा नाही हो, सही येते मला."

त्या हंगामात आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीची नात सहावीत होती. लेक-सून फडावर. म्हातारी खुरपायला जायची. एका सकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "बाई, पोरीला शाळेत घेत न्हाईत. लई खाडे झाले म्हन्त्यात. पालकाला घेऊन ये म्हन्त्यात. मी गेल्ते, तर आईबापाला आना म्हनले."

मैत्रिणींनो, माझ्या अंगावर काटा आला. तीस वर्षे झाली, राज्ये बदलली, कायदे बदलले, पण वाक्य तेच! मी चूल विझवली, मुलीने कागदावर उतरवून दिलेले ते कलम घेतले आणि म्हातारीला व पोरीला घेऊन शाळेत गेले.

फाटकात शिपायाने विचारले, "काय काम?" मी म्हटले, "पालक आल्या आहेत." मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. शिक्षकांच्या दोन जागा रिकाम्या, समोर कागदांचा ढीग. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. म्हणाले, "बाई, तुमचे बरोबर आहे. आजी पालकच आहेत." पोरगी त्याच तासाला वर्गात जाऊन बसली. मला वाटले, गड जिंकला.

मग मी जरा चढ्या आवाजातच विचारले, "पण पोरीचे खाडे का होतात, हे कोणी विचारले का?" पोरीलाच बोलावून विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, "आजी कामाला जाते. मी स्वयंपाक करते, मग उशीर होतो. उशीर झाला की यायला भ्या वाटतं." आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात ते काही खोटे नाही.

मी म्हटले, "अशा लेकरांसाठीच तर हंगामी वसतिगृह आहे ना? तिथे दोन्ही वेळचे जेवण मिळते. हिचे नाव का नाही?"

मुख्याध्यापकांनी कपाटातून वही काढली. ज्यांचे आईबाप फडावर जातात त्या मुलांना गावातच ठेवून जेवूखाऊ घालायची ही सोय असते, हे आपल्या बीड जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. ती चालवायची शाळा व्यवस्थापन समितीनेच. मुलांची यादीही समितीनेच ठरवायची. त्या यादीत या पोरीचे नाव नव्हते. लिहायचे राहिले होते. यादीखाली ठराव होता, "यादी वाचून दाखविण्यात आली व सर्वानुमते मंजूर करण्यात आली." त्याखाली सह्या होत्या. मुख्याध्यापकांनी एका सहीवर बोट ठेवले आणि हळूच विचारले, "ही तुमचीच ना?"

माझीच होती. सातवी पास बाईची, वळणदार.

मी काय सांगू तुम्हांला! माझ्या घरापासून दहा पावलांवरची पोर. तिचे आईबाप फडावर गेले हे मला ठाऊक होते. ती यादी मी एकदा, फक्त एकदा वाचली असती, तर नाव राहिले आहे हे माझ्या ध्यानात आले असते. माझ्या आजीला फाटकातून परत पाठवणाऱ्यांना मी तीस वर्षे मनात बोल लावला. आणि या पोरीला घरी बसवण्याच्या कागदावर मीच सही केली होती.

त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. पण उपाशी राहून काय होते? दुसऱ्या दिवशी आम्ही समितीतल्या बायका आठ वर्षांत पहिल्यांदा एकत्र बसलो. बैठक मागितली. पुरवणी यादी केली. तिच्यात आणखी दोन मुले सापडली. कागद वर गेले, यायला महिना लागला. दुपारचे पोषण आहाराचे जेवण शाळेत होतेच. सांजच्या भाकरीची पाळी तोवर आपल्याच मंडळातल्या तिघींनी वाटून घेतली. त्या तिघी आज इथे बसल्या आहेत. नावे घेतलेली त्यांना आवडणार नाहीत.

तेव्हापासून मी एक नेम केला आहे. वाचल्याशिवाय सही करायची नाही. शिपाई आला तर त्याला चहा देते आणि म्हणते, "वही ठेवून जा, संध्याकाळी मी शाळेत आणून देते." पहिल्यांदा तो हसला. आता मुख्याध्यापकच बैठकीची तारीख आधी कळवतात. समितीची बैठक दर महिन्याला व्हायची असते. आपली बैठकीची जागा घरच्या पुरुषमाणसाला द्यायची नाही, हाही नेम त्यात धरा. सरकारने निम्म्या जागा बायकांना दिल्या त्या यांनी जाऊन बसावे म्हणून नव्हेत.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे बोलणे एकांगी होईल.

हक्क आहे म्हणून शाळेत भांडायला जायचे नाही. वर्ग चालू असताना दारात उभे राहून हाक मारायची नाही. एका गुरुजींकडे दोन-दोन वर्ग असतात, वर माहिती भरायची कामे असतात. चांगल्या गुरुजींच्या पाठीशी उभे राहणे हाही पालकाचाच हक्क आहे. शिक्षकाची जागा रिकामी असेल तर ती भरा म्हणून अर्ज आपण करावा. पाणी, मुलींचे स्वच्छतागृह, कुंपणाची भिंत, यांसाठी आपण मागणी करावी. या गोष्टी कायद्यातच लिहिलेल्या आहेत.

आणि हक्क मुळात लेकराचा आहे, आपला नंतर. तो कधी आपल्याही विरुद्ध उभा राहतो. लेकराला शाळेत घालणे हे त्याच कायद्याने आपले कर्तव्य ठरवले आहे. धाकट्याला सांभाळायला पोरीला घरी ठेवणे, वाढे गोळा करायला हात लागतो म्हणून तिला फडावर नेणे, अठरा पुरी होण्याआधी तिचे लग्न लावणे, यातले काहीही आईबापाच्या हक्कात बसत नाही. ही गोष्ट कडू आहे. पण औषधही कडूच असते.

अब्रूच्या भीतीने गप्प बसायचे नाही, हेही सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन लहान मुलींवर अत्याचार झाला. दाद लागेना म्हणून आईबापांना रेल्वेच्या रुळांवर उतरावे लागले. आपल्याही गावात रेल्वेस्थानक आहे. तिथे उतरण्याची पाळी आपल्यावर येऊ नये. म्हणून आधीच विचारावे: शाळेत तक्रारपेटी आहे का, ती कोण उघडते, कोणासमोर उघडते? मुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सरकारने २०२२ साली सांगितले. आपल्या शाळेत त्या समितीवर कोण बाई आहे? लेकरू एखाद्या दिवशी शाळेत जायला नको म्हणाले तर आधी रागावू नये, जवळ घेऊन विचारावे. आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन लेकरांना पाठ करून द्यावा. त्याला पैसे पडत नाहीत.

शाळेत ऐकले नाही तर काय करायचे? तोंडी बोलून विरते. अर्ज लिहावा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. मग केंद्रप्रमुख, मग अंबाजोगाईला गटशिक्षणाधिकारी. लेखी तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा असे शिक्षणहक्काच्या कायद्यात आहे. त्यानेही झाले नाही तर राज्याचा बालहक्क आयोग आहे. आणि वही दाखवायलाच कोणी तयार नसेल, तर २००५ चा माहितीचा अधिकार कोणाही बाईला आहे. त्याला पदवी लागत नाही. मला आला, तर तुम्हांला नक्की येईल.

शेवटी माझे मंडळाजवळ एक मागणे आहे.

ती पोरगी आता आठवीत आहे. चांगली शिकते, वर्गात वाचन तिचे पहिले येते म्हणतात. पण मी सांगितलेला कायदा चौदाव्या वर्षापर्यंत आणि आठवीपर्यंतच हात धरतो. पुढच्या जूनमध्ये ती नववीला जाईल, तेव्हा नाव कमी करायचे नाही असे सांगणारे ते कलम तिच्या पाठीशी नसेल. मी जिथे थांबले, जवळजवळ तिथेच कायदाही थांबतो. परवा तिची आई फडावरून फोनवर म्हणत होती, "अक्का, पुढच्या साली तिला बी घेऊन यावं म्हन्ते. तेवढाच हात लागंल."

मी तिला काय सांगितले? म्हटले, "तू परत येईपर्यंत थांब. मी मंडळात विचारते."

तर मी आज विचारते आहे. यंदाच्या हंगामात आपल्या गावातली किती घरे फडावर गेली आणि त्यांची किती लेकरे आजी-आजोबांजवळ आहेत, याची यादी आपल्या मंडळाने करावी. एकेका लेकरामागे मंडळातल्या एकेकीने उभे राहावे. पैसे नकोत, मोठेपणा नको. महिन्यातून एकदा त्याच्या आजीला बरोबर घेऊन शाळेत जायचे, हजेरी पाहायची, वही पाहायची, आणि रविवारी त्याच्या आईला फडावर फोन करून सांगायचे, "बाई, तुझे लेकरू शाळेत जाते, काळजी करू नको." फडावर कोपीत बसलेल्या आईला शाळेच्या फाटकापर्यंत येता येत नाही. तिचे पाऊल आपण टाकायचे. आणि त्या पोरीच्या नववीचे काय, ते आजच्या सभेत ठरवून मला सांगावे. कारण तिची आई परत येईल तेव्हा मला उत्तर द्यायचे आहे.

माझी आजी त्या पायरीवर बसून विचारत होती, "मी नाही तर कोण तिचं?" त्या वेळी तिला कोणी उत्तर दिले नाही. आज आपल्या गावातल्या कोणा आजीला तो प्रश्न फाटकात विचारावा लागला, तर तिच्या मागे उभ्या असलेल्या चार बायकांनी एकदम म्हणावे, "आम्ही आहोत."

फार बोलले, क्षमा असावी. भाजणीचे प्रमाण ज्यांना हवे असेल त्यांनी कार्यक्रम झाल्यावर विचारावे. माझे बोलणे पुरे करते.